क्रथोंग: पाण्याची क्षमा मागणारा द्रोण

बँकॉकला नव्याने राहायला आलेल्या एका मराठी कुटुंबाने माझ्याकडे विचारणा केली आहे. त्यांच्या मुलीच्या शाळेने लॉय क्रथोंगच्या सणाला प्रत्येक मुलाने घरी केलेला क्रथोंग आणावा असे कळवले आहे. तो कसा करायचा, त्यात ठेवायच्या वस्तूंचा अर्थ काय, आणि हे सगळे आपल्या त्रिपुरारी पौर्णिमेच्या दीपदानासारखेच आहे का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. मी मूळची सिंधुदुर्गातली. लग्नानंतर अठरा वर्षे चाओ फ्राया नदीच्या पश्चिमेला, थोनबुरीच्या कालव्यांच्या भागात राहते आहे. केळीच्या पानांचे काम मी शेजारच्या एका वृद्ध बाईंकडून शिकले आणि आता इतरांना शिकवते. या बाईंना मी इथल्या रीतीप्रमाणे ‘पा’, म्हणजे आईहून मोठी मावशी, म्हणते. पुढे जे लिहिते आहे त्यातले हातचे बरेचसे त्यांचे आहे.

आधी शब्दाविषयी. ‘लॉय’ म्हणजे तरंगणे किंवा तरंगत सोडणे, आणि ‘क्रथोंग’ म्हणजे पानाचा द्रोण. हा शब्द केवळ सणापुरता नाही. माशाचा मसालेदार लगदा नारळाच्या दुधात कालवून केळीच्या पानाच्या ज्या वाटीत वाफवतात, ती वाटीही क्रथोंगच. म्हणून नदीत सोडायची वस्तू ही मुळात दिवा नसून द्रोण आहे, आणि दिवा हा त्या द्रोणात ठेवलेल्या अनेक वस्तूंपैकी एक आहे, ही गोष्ट मी शिकवायला बसते तेव्हा सर्वांत आधी सांगते. एकदा ती ध्यानात आली की क्रथोंगच्या घडणीतल्या आणि अर्थातल्या पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात.

हा सण थाई चांद्र वर्षाच्या बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला येतो. ती पौर्णिमा बहुधा आपली कार्तिकी पौर्णिमाच असते. २०२२ मध्ये दोन्ही ८ नोव्हेंबरला आणि २०२४ मध्ये दोन्ही १५ नोव्हेंबरला होत्या. मात्र ‘बहुधा’ हा शब्द मी जाणून वापरते आहे. थाई पंचांगातही अधिक मास असतो, पण तो नेहमी आठव्या महिन्याचा धरतात आणि कोणत्या वर्षी धरायचा याचा हिशेब आपल्यापेक्षा वेगळा आहे. २०२० मध्ये आपल्याकडे अधिक आश्विन आला आणि इथे अधिक मास आला नाही, त्यामुळे त्या वर्षी लॉय क्रथोंग ३१ ऑक्टोबरला, म्हणजे आपल्या कोजागरीच्या सुमारास होऊन गेला. आपल्या दिनदर्शिकेवर विसंबून क्रथोंगसाठी केळीचा खुंट आणि पाने आणायला निघू नये, एवढाच याचा व्यवहारातला अर्थ.

हाच महिना का, याचे उत्तर पंचांगापेक्षा पाण्यात अधिक सापडते. अकराव्या महिन्यात पाणी चढते, बाराव्यात ते स्थिर राहते आणि पहिल्या-दुसऱ्या महिन्यात वेगाने उतरू लागते, अशा अर्थाची एक जुनी थाई लोकोक्ती आहे. उत्तरेकडच्या डोंगरांत पडलेला पाऊस पिंग, वांग, योम आणि नान या नद्यांतून खाली येतो, चाओ फ्रायाचे पात्र काठोकाठ भरते, शेतात भात उभे असते आणि पाऊस नुकताच थांबलेला असतो. वर्षभर ज्या पाण्यावर जगलो ते डोळ्यांपुढे पूर्ण भरून उभे आहे, ही वर्षातली एकच वेळ. २०११ च्या महापुरात हेच पाणी घराघरांत शिरले होते आणि त्या वर्षीचा १० नोव्हेंबरचा सण बँकॉकमध्ये फारसा झालाच नाही. आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी होते. पा यांनी त्याही संध्याकाळी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून एक लहानसा क्रथोंग सोडला. तो दारातच फिरत राहिला, आणि त्या हात जोडून बराच वेळ बसून होत्या.

आता करण्याविषयी. बुडाला केळीच्या खुंटाची चकती लागते. घड उतरवून झाल्यावर केळीचे झाड पुन्हा फळत नाही, ते तोडायचेच असते. त्यामुळे या कामासाठी वेगळे झाड मारावे लागत नाही. खुंट म्हणजे एकावर एक गुंडाळलेली सोपे, म्हणजे पानांच्या बुडांचे पदर, आणि प्रत्येक सोपात हवेचे लांबट कप्पे असतात. खुंट हाताला पाण्याने जड लागत असूनही तरंगतो तो या कप्प्यांमुळे. चकतीचा व्यास वीतभरापेक्षा थोडा कमी, सुमारे अठरा सेंटिमीटर, आणि जाडी चार सेंटिमीटर ठेवावी. याहून पातळ चकती मेणबत्तीच्या भाराने कलते, आणि याहून जाड घेतली तर क्रथोंग पाण्यावर ओंडक्यासारखा दिसतो. सुरी लांब पात्याची असावी व ती करवतीसारखी पुढेमागे न ओढता एका दमात दाबून खाली न्यावी, नाहीतर सोपे सुटी होतात. कापलेली चकती अर्धा तास उभी करून ठेवली की तिच्यातला चीक व पाणी निथळते. केळीचा चीक कपड्यावर पडला तर जात नाही हे कोकणातल्या कोणालाही सांगायला नको, पण शहरात वाढलेल्या आईवडिलांसाठी लिहून ठेवते: शाळेचा गणवेश घालून हे काम करू नये.

पानासाठी इथले जाणकार ‘क्लुआय तानी’ नावाची बियांची रानकेळ पसंत करतात. तिचे पान चिवट, तुकतुकीत आणि घडी घातली तरी न तडकणारे असते. खाण्याच्या केळीचे पान लुसलुशीत असते, पण ते शिरेवर पटकन फाटते. तानी केळीत नांग तानी नावाची हिरव्या वस्त्रातली स्त्री-भूत राहते अशी समजूत असल्यामुळे ही केळ घराला लागून कोणी लावत नाही, आणि म्हणून शहरात पाने बाजारातूनच आणावी लागतात. बँकॉकमध्ये पाक ख्लोंग तलात या फुलबाजारात ती घडी घालून, वजनावर मिळतात. कोवळे पान नको, जुनेही नको; मधल्या वयाचे पान घ्यावे. आणल्याबरोबर घड्या घालायला बसू नये. एक रात्र सावलीत ठेवले की पान किंचित मरगळते आणि मग हवे तसे वळते. पुसताना ओल्या फडक्याने मधल्या दांड्याकडून कडेकडे, शिरांच्या दिशेने पुसावे; आडवे पुसले की पान चिरते.

दांडा काढून टाकावा आणि शिरांच्या रेषेत तीन बोटे रुंद व वीतभर लांब पट्ट्या फाडून घ्याव्यात. कात्री नंतर, कडा सारख्या करण्यापुरती. पट्टीची गडद बाजू बाहेर ठेवून ती आडवी धरावी, मध्यावर बोट ठेवावे, उजवा भाग खाली वळवावा, मग डावा भाग त्याला चिकटून खाली वळवावा. वर टोक आणि मधोमध उभी सरळ रेघ असलेला त्रिकोण तयार होतो. ही सर्वांत साधी पाकळी, आणि नवशिक्याने हीच शंभर वेळा करावी. पुढे घडीचे पुष्कळ प्रकार आहेत: कुऱ्हाडीच्या पात्यासारखा, नागाच्या फण्यासारखा, आणि ‘कुलाप’ म्हणजे गुलाबाच्या पाकळ्यांसारखा. हा ‘कुलाप’ आणि आपला ‘गुलाब’ हे दोन्ही एकाच फारसी शब्दावरून आलेले आहेत. अठरा सेंटिमीटरच्या चकतीचा घेर सुमारे छप्पन्न सेंटिमीटर भरतो. पाच सेंटिमीटर रुंदीच्या पाकळ्या एकमेकींवर निम्म्या चढवत गेले तर एका फेऱ्याला बावीसेक पाकळ्या लागतात. पहिला फेरा टोके बाहेर झुकवून, दुसरा टोके वर ठेवून लावावा. चकतीच्या वरच्या तोंडावर पानाचे गोल झाकण आणि कडेला एक लांब पट्टी गुंडाळली की पांढरा खुंट कुठेच दिसत नाही.

घडलेल्या पाकळ्या लावण्याआधी थोडी तुरटी विरघळवलेल्या थंड पाण्यात अर्धा-एक तास बुडवून ठेवतात. मरगळलेले पान पाणी पिऊन पुन्हा ताठ होते, आणि आता ते घडीच्या आकारात ताठ होते, ही त्यातली खुबी आहे. हे न करता केलेला क्रथोंग दुपारी सुरेख दिसतो आणि संध्याकाळी नदीवर पोहोचेपर्यंत मान टाकतो.

पाकळ्या टोचायच्या कशाने, यावर माझे मत ठाम आहे. बाजारातले बहुतेक क्रथोंग टाचण्यांनी जोडलेले असतात, कारण काम झपाट्याने होते. एका क्रथोंगात पन्नास-साठ टाचण्या सहज जातात, पान कुजून जाते आणि टाचण्या तळाशी गाळात राहतात. जुनी पद्धत बांबूच्या बारीक टोकदार काड्यांची आहे. त्यांना इथे ‘माय क्लात’ म्हणतात. बांबू तासणे जमत नसेल तर नारळाच्या झावळीचे हीर वापरावेत. आपल्याकडे पत्रावळी टाचताना अशाच काड्या वापरतात आणि मराठी घरातल्या आजीचा हात इथे थाई मुलींपेक्षा आधी बसतो, हे मी पाहिले आहे. हीर तिरपा कापून टोक करावे आणि पाकळीतून चकतीत दोन सेंटिमीटर तरी जाऊ द्यावा.

फुले आपापल्या आवडीने. झेंडू सगळे घेतात, ऑर्किडही स्वस्त असते. मला मात्र बटणासारखे जांभळे ‘बान माय रू रॉय’ आवडते, ज्याच्या नावाचा अर्थच फुलते पण कोमेजणे जाणत नाही असा आहे. फुलांची रास मध्यभागी उंच आणि कडेला उतरती ठेवावी. त्या राशीत एक मेणबत्ती आणि तीन उदबत्त्या रोवायच्या. त्या फुलांत नव्हे, तर थेट चकतीत रोवाव्यात आणि मेणबत्तीची ज्योत सर्वांत उंच पाकळीच्या चार बोटे तरी वर राहील असे पाहावे. माझ्या पहिल्या क्रथोंगची मेणबत्ती एका अंगाला होती. पाण्यात सोडताच तो कलला, ज्योत विझली आणि आजूबाजूच्या लोकांनी सौजन्याने दुसरीकडे पाहिले. तेव्हापासून घरातून निघण्याआधी मी प्रत्येक क्रथोंग बादलीत तरंगवून पाहते. ज्या बाजूला कलतो तिच्या समोरच्या बाजूला एक फूल जास्त खोवले की तोल येतो.

आता अर्थ. थाई माणसाला क्रथोंग कशासाठी सोडता असे विचारले तर पहिले उत्तर ‘खो खमा’ असे येते. ‘खो’ म्हणजे मागणे आणि ‘खमा’ म्हणजे आपला क्षमा हाच शब्द, पालीतून गेलेला. क्षमा मागायची ती ‘फ्रा मे खोंगखा’ची, म्हणजे गंगामाईची. इथे गंगा म्हणजे उत्तर भारतातली ती एक नदी नव्हे. नदी, कालवा, तळे, विहीर, सगळ्या पाण्याची अधिष्ठात्री म्हणजे खोंगखा. वर्षभर तिच्यात कपडे धुतले, घाण टाकली, तिच्यावरून नावा हाकल्या, तिला तुडवले, तिच्यातून मासे ओढले. त्या सगळ्याबद्दल वर्षातून एकदा हात जोडून माफी मागायची आणि तिने पोसल्याबद्दल ऋण मान्य करायचे. मागणी, इच्छा, नवस हे सगळे नंतर येते. पर्यटकांना वाटल्या जाणाऱ्या कागदांवर हा क्रम उलटा झालेला दिसतो, तिथे इच्छा आधी असते. मला ते खटकते, कारण क्षमा बाजूला काढली तर उरतो तो फुलांचा सुंदर गुच्छ, जो पाण्यात टाकायचे काही कारणच नाही.

दुसरा अर्थ बौद्ध परंपरेतला आहे आणि तो मराठी माणसाने ऐकण्यासारखा आहे. क्रथोंग हा ‘नम्मदा’ नदीच्या काठावरच्या बुद्धाच्या पाऊलखुणेची पूजा म्हणून सोडला जातो, असे इथे शाळेत शिकवतात. ही नम्मदा म्हणजे आपली नर्मदा. पाली अट्ठकथेतली, म्हणजे बौद्ध ग्रंथांवरच्या जुन्या टीकेतली, हकीकत अशी: सुनापरांतातला पुण्ण नावाचा व्यापारी श्रावस्तीला गेला, बुद्धाचा उपदेश ऐकून भिक्खू झाला आणि लोक तापट म्हणून प्रसिद्ध असलेल्या आपल्याच प्रदेशात धर्म सांगायला परतला. पुढे बुद्ध तिथे आले आणि परतताना नर्मदेवर थांबले असता तिथल्या नागराजाने पूजेसाठी काहीतरी मागितले. तेव्हा त्यांनी काठावर आपली पाऊलखूण सोडली, जी लाटा आल्या की झाकली जाते आणि लाटा ओसरल्या की उघडी पडते. सुनापरांत म्हणजे आपला अपरांत, कोकणचा किनारा. आणि त्याचे बंदर शूर्पारक म्हणजे नालासोपाऱ्याजवळचे सोपारा, जिथला स्तूप भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उकरून काढला. चाओ फ्रायाच्या काठी बसलेली थाई आजी डोळे मिटून ज्या दिशेला नमस्कार करते ती दिशा भडोच आणि वसईकडची आहे, हे कळल्यावर मी काही वेळ बोलूच शकले नव्हते. उत्तर थायलंडमध्ये काही लोक हीच पूजा समुद्रात राहणाऱ्या उपखुत, म्हणजे उपगुप्त, या अर्हताला, म्हणजे मुक्ती मिळवलेल्या भिक्खूला, अर्पण करतात.

तीन उदबत्त्या बुद्ध, धम्म आणि संघ यांच्यासाठी असतात. मेणबत्तीला कोणी ज्ञानाचा प्रकाश म्हणतात, कोणी नुसती वाट दाखवणारी म्हणतात. फुलांत एखादे नाणेही ठेवतात; ती पाण्याला दिलेली दक्षिणा असते, आणि खालच्या अंगाला कमरेइतक्या पाण्यात उभी राहिलेली मुले ते नाणे क्रथोंग दिसेनासा होण्याआधीच काढून घेतात. याचा इथे कोणाला राग येत नाही. काही जण नखांचे कापलेले तुकडे आणि केसांची एक बट ठेवतात. त्यामागची कल्पना ‘ख्रो’ वाहून जावे ही असते. ख्रो म्हणजे आपला ग्रह; ग्रहपीडा, वाईट काळ असा त्याचा रूढ अर्थ. उत्तरेतल्या चिआंग माई शहरातल्या एका प्रसिद्ध रस्त्याचे नाव ‘लॉय ख्रो’ असेच आहे. मुलीच्या शाळेच्या क्रथोंगात केस-नखे घालायची की नाही, हे तुम्ही ठरवा. माझ्या माहितीत शहरातल्या निम्म्या घरांत ते आता करत नाहीत, आणि त्याने काही अडत नाही.

इतिहासाविषयी थोडे सावधपणे सांगते, कारण मुलीच्या पुस्तकात वेगळे असण्याची शक्यता आहे. प्रचलित कथा अशी की सुखोथाई या जुन्या थाई राजधानीच्या दरबारात नांग नोप्पामात नावाची ब्राह्मणकन्या होती आणि तिने पहिल्यांदा कमळाच्या आकाराचा क्रथोंग करून राजाला दाखवला. या सणात आज होणाऱ्या सौंदर्यस्पर्धांनाही तिचेच नाव आहे. पण ज्या ग्रंथात ही कथा आहे त्याची भाषा सुखोथाईची नाही, ती बँकॉकच्या सुरुवातीच्या काळातली आहे, असे थाई इतिहासलेखनाचे जनक मानले जाणारे राजपुत्र दामरोंग यांनीच दाखवून दिले. ग्रंथ आजच्या राजघराण्यातल्या तिसऱ्या राम राजाच्या राजवटीत, म्हणजे १८२४ ते १८५१ या काळात आजच्या रूपात आला असे अभ्यासक मानतात. सुखोथाईच्या १२९२ च्या म्हणवल्या जाणाऱ्या प्रसिद्ध शिलालेखात लोक शहराच्या चार दरवाजांतून गर्दी करून मेणबत्त्या जाळणे व आतषबाजी पाहायला येत असा उल्लेख आहे, परंतु तो ‘कठिण’ नावाच्या, भिक्खूंना चीवर म्हणजे वस्त्रे दान करण्याच्या उत्सवाच्या संदर्भात आहे. पाण्यात द्रोण सोडल्याचे त्यात कुठेही म्हटलेले नाही. तरीही सुखोथाईच्या भग्न मंदिरांतला आजचा भव्य उत्सव पाहायला जरूर जा. फक्त तो सातशे वर्षे अखंड चालत आला आहे असे समजून जाऊ नका.

त्यापेक्षा मला बँकॉकच्या बखरीतला वृत्तान्त अधिक बोलका वाटतो. त्यात बाराव्या महिन्याच्या चतुर्दशी, पौर्णिमा आणि प्रतिपदेला राजघराण्यातल्या व सरदारांच्या घरांनी केलेल्या मोठ्या क्रथोंगांचे वर्णन आहे: केळीच्या खुंटांचे तराफे आठ-नऊ हात रुंद आणि शिखरापर्यंत दहा-अकरा हात उंच, आणि कोणाचा अधिक देखणा अशी चढाओढ. ‘सोक’ हे इथले माप कोपरापासून बोटांपर्यंतचे, म्हणजे आपला हातच. याच दिवसांत राजवाड्यात ‘चोंग प्रियांग’ हा खांबांवर दिवे चढवण्याचा ब्राह्मणी विधी होत असे, जो वाचताना आपला कार्तिकातला आकाशदिवा आठवल्यावाचून राहत नाही. पाचव्या रामाने, म्हणजे राजा चुलालोंगकोर्नने, बारा महिन्यांच्या राजविधींवर १८८८ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात मात्र स्पष्ट म्हटले आहे की पाण्यात दिवे सोडणे हा सगळ्या लोकांचा आनंदाचा सण आहे. त्यात ना भिक्खूंचा विधी आहे ना ब्राह्मणांचा, म्हणून त्याला राजविधी म्हणता येत नाही.

या वाक्यातच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे आहे. दीपदान आणि क्रथोंग यांचे शब्द एका घरातले आहेत: प्रदीपाला इथे ‘प्रथीप’ म्हणतात, धूपाला ‘थूप’, आणि मनात संकल्प धरण्याला ‘अथितथान’, म्हणजे अधिष्ठान. तिथी एक, पाणी एक, द्रोणही एकच. ओडिशात कार्तिकी पौर्णिमेच्या पहाटे केळीच्या सोपांच्या आणि कागदाच्या होड्या सोडतात, गोव्यात साखळीजवळ विठ्ठलापूरला त्रिपुरारीच्या रात्री वाळवंटी नदीत सजवलेल्या नावा उतरतात. या सगळ्यांत काही नाते असावे असे मनाला वाटते. पण भाव वेगळा आहे. त्रिपुरारी पौर्णिमेला आपण त्रिपुरासुरावरच्या शिवाच्या विजयाचा दिवा लावतो आणि तो नदीला वाहतो. नदी तिथे साक्षी असते, पूज्य असते. क्रथोंग सोडणारा माणूस नदीपुढे अपराधी म्हणून बसतो. मुलीला दोन्ही सांगा, पण एकाला दुसऱ्याचे भाषांतर म्हणून सांगू नका.

प्रदेशाप्रमाणे रूपे बदलतात. आकाशात हजारो कागदी कंदील चढत असल्याचे जे चित्र तुम्ही पाहिले असेल ते चिआंग माईच्या यी पेंगचे, म्हणजे लान्ना या उत्तरेकडच्या प्रदेशाच्या पंचांगातल्या दुसऱ्या महिन्याच्या पौर्णिमेचे आहे. उत्तरेची महिन्यांची मोजणी दोन महिने पुढे असल्याने तीच पौर्णिमा तिथे दुसऱ्या महिन्याची ठरते. ते कंदील क्रथोंग नव्हेत, आणि त्यांच्यापायी विमानतळाला दर वर्षी उड्डाणे रद्द करावी लागतात. समुत सोंगख्रामला, मे क्लोंग नदीच्या मुखाकडे, खुंटाच्या चकतीऐवजी नुसत्या सोपाच्या वाकड्या तुकड्यात दिवा ठेवून ओळीने सोडतात. फुलांचा थाट नाही, घड्यांची कसरत नाही. मला मनापासून आवडतो तो मात्र ताक शहरातला ‘क्रथोंग साय’. तिथे ‘मिआंग’ हा खाऊ करताना खोबरे काढून उरलेल्या नारळाच्या करवंट्या घासून स्वच्छ करतात, त्यांत मेण ओततात, दोऱ्याची वात घालतात आणि पिंग नदीच्या प्रवाहात एकामागून एक, ठरावीक अंतर राखून, सोडत जातात. पात्राच्या मधली वाळूची धार ज्या वळणाने जाते त्याच वळणाने दिव्यांची ओळ जाते. अंतर चुकले तर ओळ तुटते, म्हणून सोडणारी माणसे कमरेइतक्या पाण्यात तासन् तास उभी असतात आणि आपसात फारसे बोलत नाहीत.

आता पाण्याचे काय होते, हे न सांगता थांबणे बरोबर नाही. बँकॉक महानगर प्रशासनाने २०२३ च्या सणानंतर शहरातल्या पाण्यातून सुमारे ६ लाख ४० हजार क्रथोंग बाहेर काढले; २०२४ मध्ये हा आकडा सुमारे ५ लाख १४ हजार होता. त्यांतले थर्मोकोलचे शंभरात चारांहून कमी होते, वीस वर्षांपूर्वी ते ढिगाने दिसत. रात्रीच नावा फिरू लागतात, जाळ्यांनी क्रथोंग ओढून काढतात, आणि पाना-फुलांचे असतील ते खतासाठी जातात. मधल्या काळात पावाचे रंगीत क्रथोंग लोकप्रिय झाले, कारण मासे ते खातात असे सांगितले गेले. नदीत थोडे असतील तर खातातही. पण बंद तळ्यात शेकडो पाव भिजून कुजू लागले की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासेच मरतात. अलीकडे फुले गोठवून केलेले बर्फाचे क्रथोंग मिळतात. ते विरघळतात हे खरे, मात्र त्यांच्यावर नुसती टेकवून ठेवलेली मेणबत्ती पाच मिनिटांत बुडते, आणि माझ्या मते ज्यात घडवायला हातच लागत नाही त्याची शाळेच्या मुलीला गरज नाही. घरात चौघे असतील तर चार क्रथोंग करू नका, एकच करा. चौघांनी त्याला हात लावून सोडावे. आपल्याकडची प्लास्टिकची टिकली, चमकी, जर यांतले काहीही त्याला चिकटवू नये.

क्रथोंग सोडताना घाटावर गर्दी असते, म्हणून दिवे लागणीला पोहोचावे. माझा अनुभव असा की उतरत्या पायऱ्यांचा घाट सोडून देवळाच्या तरंगत्या धक्क्यावर गेले तर पाणी हाताशी येते. मेणबत्ती आणि उदबत्त्या काठावरच पेटवाव्यात. गुडघे टेकून बसावे, क्रथोंग दोन्ही हातांनी उचलून कपाळापर्यंत न्यावा आणि मनात आधी क्षमा मागावी. थाई शब्द येत नसतील तर मराठीत मागावी, खोंगखा आपलीच आहे. मग वाकून तो पाण्यावर टेकवावा. वरून टाकू नये, ढकलू तर नयेच. तो काठाशी घुटमळत राहिला तर त्याला हात न लावता, त्याच्या मागचे पाणी ओंजळीने हलकेच पुढे सारावे. दोन-तीन ओंजळींत प्रवाह त्याला घेतो. पा अजूनही तो वळणाआड जाईपर्यंत उठत नाहीत, आणि मधे कोणी बोलले तर हाताने गप्प करतात.